दोष दुधाचा नव्हता

रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या ओळखीचे एक घर आहे. घरात सासू-सासरे, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडे. धाकट्या सुनेला पहिली मुलगी झाली, छान गुटगुटीत. त्यानंतर मुलगा झाला. तो आठ महिन्यांचा होऊन न्यूमोनियाने गेला. दीड वर्षाने दुसरा मुलगा झाला, तेव्हा घरात आनंद झालाच, पण सगळ्यांच्या मनात धाकधूकही होती.

पंधराव्या दिवशी बाळाच्या पायांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले. कोणी म्हणाले घामोळे, कोणी म्हणाले डास. दुसऱ्या महिन्यात शीमध्ये रक्ताचे धागे दिसू लागले. गाल आणि कोपरांच्या खाचा खरजेने सोलून निघाल्या. कान वाहू लागला. औषधाने थांबे आणि पुन्हा वाहू लागे. पाचव्या महिन्यात घरच्यांनी खतना उरकून घेतला. एरवी तासाभरात थांबणारे रक्त दोन दिवस थांबेना. अखेर बाळाला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावे लागले.

या काळात त्या माउलीने काय काय ऐकले, ते तिनेच आम्हाला सांगितले. नजर लागली असेल. छिल्ल्यात बाहेर पाऊल टाकले असेल. मासळी खाल्ली म्हणून दूध उष्ण पडले. शेवटी एके दिवशी सासूबाईंच्या तोंडून निघून गेले, "तुझी मुलगी ठणठणीत, मग तुझेच मुलगे असे का?"

प्रश्न टोचणारा होता, पण प्रश्न म्हणून तो बरोबर होता. मुलगी ठणठणीत आणि मुलगे आजारी, यातच आजाराचे नाव लपले होते. त्याचे उत्तर आईच्या दुधात किंवा तिच्या वागण्यात सापडणार नव्हते. ते होते बाळाच्या रक्तपेशींच्या आत, एका फार बारीक सांगाड्यात. तो सांगाडा काय असतो आणि आपल्या अंगातले रक्षक घडवताना तो काय काम करतो, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत. विषय थोडा नवा आहे. पण ज्या घरात लहान बाळ आहे किंवा येणार आहे, त्या घराने तो समजून घ्यावा.

पेशीलाही सांगाडा असतो

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे आपण शाळेत शिकलो. पुस्तकातल्या चित्रात पेशी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी दिसायची. प्रत्यक्षात तिच्या आत दोऱ्यांचे आणि नळ्यांचे दाट जाळे असते. या जाळ्याला पेशीचा सांगाडा म्हणतात. त्यातले सर्वांत बारीक दोरे अॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे असतात. असा एक दोरा आपल्या केसाच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतका बारीक असतो. त्याच्यापेक्षा जाड अशा पोकळ नळ्या असतात आणि या दोहोंच्या मधल्या जाडीचे मजबूत धागेही असतात.

हाडांचा सांगाडा आणि हा सांगाडा यांत मोठा फरक आहे. हाड एकदा तयार झाले की वर्षानुवर्षे टिकते. पेशीचा सांगाडा मात्र लग्नाच्या मांडवासारखा असतो. गरज पडेल तिथे उभारायचा, काम झाले की सोडवायचा आणि तेच बांबू पुढच्या जागी न्यायचे. अॅक्टिनचे छोटे मणी एकमेकांना जोडून दोरा एका टोकाने वाढतो आणि दुसऱ्या टोकाने सुटत जातो. पुढच्या बाजूला दोरे वाढले की ते पेशीची कड पुढे ढकलतात, मागची बाजू आकसते आणि पेशी सरकते. हे सारे काही सेकंदांत घडते. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. हा सांगाडा चुन्याचा नाही, त्यामुळे कॅल्शियमच्या बाटल्या पाजून तो मजबूत होत नाही.

त्वचेची पेशी आपल्या शेजारणींना घट्ट धरून एका जागी बसते. पांढऱ्या रक्तपेशींचे तसे नाही. जन्मल्यापासून मरेपर्यंत त्यांची भटकंती चालते. ज्याला आयुष्यभर चालायचे आहे, त्याचे पाय आधी धड हवेत. म्हणून सांगाड्यात बिघाड झाला की त्याचा फटका रक्षक पेशींना फार जोरात बसतो.

रक्षक कसे घडतात

आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मगज असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात तिथे रोज सुमारे दहा हजार कोटी पांढऱ्या पेशी एकाच प्रकारच्या तयार होतात. बाकीचे प्रकार वेगळेच. या सगळ्यांचे मूळ काही मोजक्या मूळपेशींमध्ये असते. तयार झालेल्या पेशीला मगजातून रक्तात यायचे असते. त्यासाठी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या अरुंद फटीतून तिला स्वतःला पिळून बाहेर काढावे लागते. हे काम सांगाडाच करतो.

काही कच्च्या पेशी मगजातून निघून छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत जातात. लहानपणी ही ग्रंथी मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. तिला टी पेशींची शाळा म्हणता येईल. या शाळेत पेशी एका बाकावर बसून राहत नाही. ती बाहेरच्या थरातून आतल्या थराकडे चालत जाते आणि वाटेत तिच्या दोन परीक्षा होतात. पहिली परीक्षा अशी की, शरीरातल्या पेशी आपल्या अंगावर जे ओळखपत्र दाखवतात ते तुला वाचता येते का? जिला येत नाही, ती तिथेच संपते. दुसरी परीक्षा उलटी असते. तू आपल्याच माणसांवर तुटून तर पडत नाहीस ना? जी पडते, तिलाही बहुतेक वेळा काढून टाकले जाते. शंभर पेशी या शाळेत शिरल्या तर पाचाहूनही कमी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात.

परीक्षा घेणाऱ्या पेशीला घट्ट बिलगल्याशिवाय ओळखपत्र वाचता येत नाही. टी पेशी तिला भिडते, तेव्हा तिच्या आतले अॅक्टिनचे दोरे त्या जागी जमतात आणि दोघींचा सांधा धरून ठेवतात. पुढे हीच पेशी विषाणूने पछाडलेल्या पेशीला मारायला जाते, तेव्हाही असाच सांधा बनतो आणि त्यातून नेमक्या जागी मारक द्रव्य सोडले जाते. म्हणजे चालणे, भिडणे, ओळखणे आणि मारणे ही चारही कामे सांगाड्यावर चालतात. हा सांगाडा कच्चा असेल, तर काही पेशी शिकतच नाहीत आणि काही अर्धवट शिकून बाहेर येतात. अर्धवट शिकलेला रक्षक दोन प्रकारे घात करतो. चोराला अडवत नाही आणि कधीकधी घरच्याच माणसांवर हात उगारतो.

रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेटांची गोष्टही अशीच आहे. मगजातली एक अजस्र पेशी आपले लांब हात रक्तवाहिनीत सोडते आणि त्या हातांचे तुकडे तुटून प्लेटलेट बनतात. हात पसरायचे आणि योग्य वेळी, योग्य जागी तोडायचे, हे कामही सांगाड्याचेच.

म्युनिकचे तीन भाऊ

आता त्या बाळाच्या आजाराकडे येऊ. त्याची गोष्ट जर्मनीत सुरू होते. १९३७ साली म्युनिकचे बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड विस्कॉट यांनी एका कुटुंबातल्या तीन भावांबद्दल लिहिले. तिघांनाही लहानपणापासून रक्तस्राव, रक्ताचे जुलाब, खरूज आणि वारंवार वाहणारे कान हा त्रास होता. तिघेही बालपणीच गेले. त्यांच्या बहिणी मात्र निरोगी होत्या. प्लेटलेट कमी होण्याचा एक आजार तेव्हा माहीत होता. हा त्याहून वेगळा असून रक्तातूनच उतरत आला आहे, हे विस्कॉट यांनी ओळखले.

पुढे १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यातले डॉक्टर रॉबर्ट ऑल्ड्रिच यांच्यासमोर डच वंशाच्या एका घराण्यातले असेच बाळ आले. त्यांनी त्या घराण्याची पिढ्यान्पिढ्यांची माहिती गोळा केली. प्रत्येक पिढीत काही मुलगे असेच गेले होते आणि हा दोष निरोगी आयांमार्फत खाली येत होता. दोघांच्या नावावरून या आजाराला विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम म्हणतात.

नेमके काय बिघडते, हे कळायला १९९४ साल उजाडले. एक्स गुणसूत्रावरचे एक जनुक बिघडलेले सापडले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला वास्प म्हणतात आणि ते जवळपास फक्त रक्तपेशींमध्येच आढळते. २००६ साली विस्कॉट यांनी पाहिलेल्या त्या जर्मन घराण्याच्या पुढच्या पिढीतही या जनुकातला बदल सापडला. तीन भावांच्या मृत्यूचे कारण असे सुमारे सत्तर वर्षांनी नक्की झाले.

वास्पचे काम बांधकामावरच्या मुकादमाचे आहे. एरवी तो घडी घालून झोपलेला असतो. पेशीच्या कडेवरून निरोप आला की तो उलगडतो आणि गवंड्यांच्या टोळीला बोलावतो. ही टोळी जुन्या अॅक्टिनच्या दोऱ्यावर बसते आणि तिथून सुमारे सत्तर अंशांच्या कोनात नवी फांदी फोडते. फांदीला फांदी फुटून जाळे तयार होते आणि पेशी पुढे सरकते. मुकादमच नसेल, तर विटा आहेत, गवंडी आहेत, पण काम सुरू करा असे सांगणारा कोणी नाही.

म्हणूनच अशा बाळाला एका वेळी इतके निरनिराळे त्रास होतात. टी पेशी नीट घडत नाहीत आणि वयाबरोबर कमी होत जातात, त्यामुळे संसर्ग. बी पेशींचाही घाट बिघडतो, त्यामुळे न्यूमोनिया आणि कानदुखी आणणाऱ्या जंतूंविरुद्ध अंगात शक्ती तयार होत नाही. रक्षकांना आवरणाऱ्या पेशी दुबळ्या, त्यामुळे खरूज आणि पुढे शरीराचा शरीरावरच हल्ला. प्लेटलेट अपुऱ्या आणि आकाराने खुज्या, त्यामुळे लाल ठिपके आणि न थांबणारे रक्त. घरातल्यांना चार वेगळे आजार दिसतात. मुळाशी एकच मुकादम गैरहजर असतो.

"तुझेच मुलगे असे का?"

आता सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. मुलीला दोन एक्स गुणसूत्रे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. मुलाला आईकडून एक्स मिळतो आणि वडिलांकडून वाय. आईच्या दोन एक्सपैकी एकावर हे जनुक बिघडलेले असेल, तर प्रत्येक मुलाला तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी असते. प्रत्येक मुलीलाही तो मिळण्याची शक्यता निम्मीच असते, पण तिच्याकडे दुसरा चांगला एक्स असल्याने ती सहसा आजारी पडत नाही. कधीकधी बिघाड आईतही नसतो, बाळातच नव्याने घडतो. कोणता एक्स बाळाकडे जावा, हे आईच्या हातात नसते. आजीच्या आणि पणजीच्या हातातही नव्हते.

आईच्या रक्तात याचा एक सुंदर पुरावा सापडतो. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो, दुसरा मिटलेला असतो. एरवी साधारण निम्म्या पेशींत हा आणि निम्म्यांत तो जागा असतो. पण या आजाराचा बिघाड बाळगणाऱ्या आईचे रक्त तपासले, तर जवळपास सगळ्या रक्तपेशींत चांगलाच एक्स जागा दिसतो. बिघडलेला एक्स वापरणाऱ्या पेशी घडणीच्या शर्यतीत मागे पडल्या आणि चांगल्या सांगाड्याच्या पेशींनी त्यांची जागा घेतली. रक्तपेशी घडायला सांगाडा किती लागतो, हे यावरून कळते. जिला दोष दिला गेला, तिच्याच शरीराने हा बिघाड मुकाट्याने निस्तरलेला असतो. तिला त्याची गंधवार्ताही नसते.

आमच्या ओळखीच्या घरात एक धागा कोणी विचारलाच नव्हता. सुनेच्या आईचा एक भाऊ, म्हणजे तिचा मामू, दोन वर्षांचा होऊन नाकातून रक्त वाहून गेला होता. माहेरी ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. सासरी ती कधी निघाली नाही, कारण डॉक्टरांनी विचारले नाही आणि सुनेला सांगायची भीती वाटली. अशी माहिती दडवण्यात बाळाचे नुकसान आहे. आईकडच्या बाजूला मामू, मावसभाऊ किंवा आजीचे भाऊ लहानपणी गेलेले असतील, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. आणि ते सांगणाऱ्या सुनेकडे बोट दाखवू नये.

नात्यातले लग्न आणि दुसरा बिघाड

हे वाचून कोणी म्हणेल, नात्यात लग्न झाले म्हणून हे झाले असेल. विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोमचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही, कारण तो एकट्या आईच्या एक्सवरून उतरतो. पण सांगाड्याचे काही दुसरे आजार असे आहेत की, ज्यांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेले जनुक यावे लागते. तिथे नात्याचा प्रश्न येतो.

त्यातला एक आजार डॉक-आठ नावाच्या प्रथिनाच्या अभावाने होतो. त्याचा शोध २००९ साली लागला. मुलगे आणि मुली दोघांनाही तो होतो. अंगभर चिवट खरूज, चामखिळी, नागिणीच्या जातीचे फोड, अन्नाची तीव्र अॅलर्जी आणि वारंवार न्यूमोनिया ही त्याची लक्षणे. यात टी पेशी रक्तात असतात, पण त्वचेसारख्या दाट जागेतून वाट काढताना त्यांना आपला आकार सावरता येत नाही. त्या ताणल्या जातात आणि तुटून मरतात. रक्त तपासले तर रक्षक हजर, पण जिथे लढायचे तिथे ते पोचतच नाहीत.

आई-वडील दोघेही असा बिघाड बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. सख्खे चुलत, मामे, आते किंवा मावस नात्यातले पती-पत्नी आपल्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा सारखा बाळगतात, म्हणून एकच बिघाड दोघांत असण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथे पाकिस्तानी वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, हजारो बाळांची पाहणी झाली. बाळात जन्मजात दोष असण्याचे प्रमाण साधारण तीन टक्के असते. सख्ख्या नात्यातल्या जोडप्यांत ते सहा टक्क्यांच्या आसपास दिसले. ही पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे धोका दुप्पट होतो, तरी शंभरातली चौऱ्याण्णव बाळे त्या दोषांपासून मुक्त असतात. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

आपल्या दीनमध्ये अशा लग्नाला परवानगी आहे, सक्ती नाही. ज्या खानदानात एखाद-दोन मुले अशी गेली आहेत, तिथे पुन्हा त्याच नात्यात रिश्ता ठरवण्यापूर्वी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेणे यात कमीपणा काहीच नाही. आपण मुलाची नोकरी पाहतो, मुलीचे शिक्षण पाहतो. घराण्यातली आजारपणेही पाहावीत.

खतना, लस आणि साधी रक्ततपासणी

विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम फार क्वचित आढळतो. जगात दहा लाख मुलग्यांमागे एक ते दहा जणांना तो असतो. प्रत्येक खरूज आणि प्रत्येक वाहता कान म्हणजे हाच आजार, असे समजून घाबरू नये. पण काही खुणा एकत्र दिसल्या, तर थांबू नये. दाबल्यावरही न मिटणारे लाल ठिपके, शीमध्ये रक्त, चिवट खरूज आणि पुन्हा पुन्हा होणारा कानाचा किंवा छातीचा संसर्ग या त्या खुणा.

आपल्या घरांत खतन्याच्या वेळी हा आजार अनेकदा पहिल्यांदा उघड होतो. पाठ्यपुस्तकांतही खतन्यानंतर न थांबणारे रक्त ही त्याची खूण म्हणून सांगितलेली असते. म्हणून बाळाच्या अंगावर असे ठिपके असतील, नाळ पडताना जास्त रक्त गेले असेल किंवा आईकडचा कोणी मुलगा रक्तस्रावाने गेला असेल, तर खतना थोडा लांबवावा आणि आधी रक्त तपासून घ्यावे. सुन्नत पुढे कधीही अदा करता येते.

ही तपासणी म्हणजे नेहमीचा सी. बी. सी. रिपोर्ट. जवळच्या कोणत्याही प्रयोगशाळेत तो होतो. त्यात दोन आकडे पाहावेत. एक, प्लेटलेटची संख्या. ती साधारण दीड ते साडेचार लाख असते. या आजारात बहुधा सत्तर हजारांच्या खाली जाते. दुसरा आकडा एम. पी. व्ही. नावाने छापलेला असतो. तो प्लेटलेटचा आकार सांगतो. निरोगी माणसात तो साधारण सात ते अकराच्या दरम्यान असतो, या आजारात तो निम्म्याच्या आसपास येतो. संख्या कमी होण्याची कारणे बरीच आहेत, डेंग्यूसुद्धा त्यात आले. पण संख्या कमी आणि आकारही खुजा, ही जोडी क्वचितच दिसते. यंत्राचा आकडा कधी चुकतो, म्हणून काचेवर रक्त पसरून डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेले बरे. "प्लेटलेट लहान आहेत का, तेवढे पाहाल का?" असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

लसींबद्दल नीट समजून घ्या. लसी आपल्या मुलांना वाचवतात, त्या चुकवू नका. मात्र बी. सी. जी. आणि पोलिओचे थेंब यांत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. रक्षक पेशीच नीट घडल्या नाहीत, अशा बाळाला ते जंतू बाधू शकतात. आपल्याकडे बी. सी. जी. जन्मल्याबरोबर देतात. म्हणून आधीचे मूल संसर्गाने दगावले असेल किंवा घराण्यात असा आजार असेल, तर बाळंतपणापूर्वीच डॉक्टरांना सांगून ठेवा. काय थांबवायचे आणि काय द्यायचे, ते तज्ज्ञ ठरवतील. बाकीच्या घराने भीतीने लसी सोडू नयेत. उलट अशा बाळाच्या भावंडांना तज्ज्ञांच्या सल्ल्याने लसी दिलेल्या असल्या, तर बाळही जास्त सुरक्षित राहते.

इलाज आहे

अल्लाहने आजार ठेवला तिथे इलाजही ठेवला, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. या आजाराबाबत ते खरे ठरले आहे. जपणूक म्हणून प्रतिजैविके आणि ठरावीक दिवसांनी इम्युनोग्लोब्युलिन देतात. कायमचा इलाज म्हणजे निरोगी माणसाचा मगज बाळाला देणे, ज्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात. या आजारासाठी तो पहिल्यांदा १९६८ साली अमेरिकेत केला गेला. सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा मगज पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तो जुळला नाही तर बाहेरचा दाता शोधतात किंवा आई-वडिलांचा अर्धा जुळणारा मगजही आता वापरतात. दान देणाऱ्याचा मगज काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. मूल लहान असताना, विशेषतः पाच वर्षांच्या आत हा इलाज झाला, तर यश चांगले मिळते. म्हणून वेळेवर निदान होणे महत्त्वाचे.

दुसरा मार्ग म्हणजे बाळाच्याच मूळपेशी काढून त्यांत चांगले जनुक घालून परत देणे. जर्मनीतल्या पहिल्या प्रयत्नात मुले सुधारली, पण जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूमुळे त्यांतल्या अनेकांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. शास्त्रज्ञांनी ते लपवले नाही. वाहक बदलला, पद्धत बदलली आणि २०१३ साली इटलीतल्या मिलान शहरातून तीन मुलांमध्ये नव्या पद्धतीला यश आल्याचे जाहीर झाले. इथेही आयांच्या रक्तात दिसलेलाच नियम कामी येतो. चांगल्या सांगाड्याच्या पेशी जास्त टिकतात आणि हळूहळू वाढत जातात.

आपल्या महाराष्ट्रापुरते सांगायचे, तर मुंबईत परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांचे निदान तिथे होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार एकदाच इलाज करून बरा होणाऱ्यांच्या गटात आहे. धोरणात नेमलेल्या केंद्रांतून इलाजासाठी पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. के. ई. एम. हे असे एक केंद्र आहे. घर गहाण टाकण्यापूर्वी तिथे चौकशी करा.

त्या घरात पुढे काय झाले

खतन्यानंतर तालुक्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाचा रिपोर्ट पाहिला आणि काचेवरचे रक्त स्वतः तपासले. मग त्यांनी सुनेला एकटीला बाजूला बसवून विचारले, "तुमच्या माहेरी असे कोणी होते का?" तेव्हा पहिल्यांदा मामूची गोष्ट बाहेर आली. चिठ्ठी घेऊन ते मुंबईला गेले. तीन आठवड्यांनी निदान पक्के झाले. मोठ्या बहिणीचा मगज पूर्ण जुळला. सहा वर्षांच्या त्या मुलीने सुई टोचून घेण्याआधी एकच विचारले, "मग भाईचे कान वाहायचे थांबतील ना?"

थांबले. वर्षभर सोपे नव्हते. ताप आले, केस गेले, दोन महिने आई आणि बाळ एका बंद खोलीत राहिले. बाहेर सासूबाई दर नमाजनंतर दुआ करत आणि सुनेसाठी डबा करून पाठवत. त्या डब्यात मासळीही असे. आता तो मुलगा दुसरीत आहे. गुडघा फुटला तरी रक्त पाच मिनिटांत थांबते.

गेल्या ईदला आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा सासूबाई सुनेसमोरच म्हणाल्या, "मी हिला फार बोलले. पहिला गेला तेव्हाही बोलले. कोणी आधी सांगितले असते, तर तोही वाचला असता का हो?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख लिहायचे तेव्हाच ठरवले. आपल्या शेजारी, नात्यात, मोहल्ल्यात एखादी आई अशी बोलणी ऐकत असेल, तर हा अंक तिच्या सासूबाईंना वाचायला द्यावा. आणि त्या बाळाचे रक्त एकदा तपासून घ्यावे.